नानांच्या रेडिओचे काळीज

पोटमाळ्यावरचा नानांचा रेडिओ खाली काढायचा म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. जेवायला वाढायची, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "त्यांची एकच वस्तू राहिलीय घरात. ती बी मोडा."

नाना म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. आणि रेडिओ मोडायला निघाले होते ते माझे धाकटे चिरंजीव. वय एकोणीस, हातात गिटार आणि डोक्यात भलतेच खूळ. त्या खुळात पुढे मीही सापडलो. हे कसे घडले ते वाचकांना सांगावेसे वाटले, म्हणून हा लेख.

आम्ही मुळशी तालुक्यातल्या लवळे गावचे. पुण्याहून पाषाण, सूस ओलांडले की आमचे गाव. मी लहान असताना ज्या डोंगरावर गुरे चरायची, तिथे आता विद्यापीठांच्या इमारती उभ्या आहेत. रात्री वस्तीवरून बघितले की डोंगरावर दिव्यांची माळ दिसते. मी औंधच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आणि पिरंगुटकडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो. चार वर्षांपूर्वी आमचे खाते बंद झाले. आता घरांच्या वायरिंगची कामे करतो. मिळाले तर काम, नाही तर घरी.

अशा दिवसांत पोराने गिटार आणली. दिवाळीच्या सुट्टीत केटरिंगमध्ये वाढपी म्हणून राबला आणि डोंगरावर शिकून गावी परत निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून जुनी विजेवरची गिटार विकत घेतली. मी रागावलो. "आपल्याला परवडणारं खूळ आहे का हे?" म्हटले. तो काही बोलला नाही. त्या गिटारीला स्वतःचा आवाज नसतो. तारा छेडल्या तर डास गुणगुणल्यासारखे वाटते. तिला अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि दुकानातल्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत विचारून आम्ही दोघेही गप्प घरी आलो होतो.

एका रात्री तो म्हणाला, "पप्पा, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवता येतो. जुन्या रेडिओत सगळं सामान असतं. आजोबांचा आहे ना वर?"

मी काही बोललो नाही. पण मला झोप लागली नाही. तीस वर्षे विजेचे काम केले आणि व्हॉल्व्हच्या रेडिओचा मागचा पुठ्ठा मी कधी उघडला नव्हता. नानांनी हात लावू दिला नव्हता.

आईचे म्हणणे समजायचे तर त्या रेडिओची गोष्ट समजली पाहिजे. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी रेडिओ-मंडळांचा प्रयोग केला होता. दीडशे गावांत रेडिओ ऐकायचा, मग त्यावर गावकऱ्यांनी बसून चर्चा करायची, अशी ती योजना. त्या सुमारास गावोगाव चावडीत रेडिओ येऊ लागले. नाना तेव्हा पोरसवदा होते आणि दुसऱ्या एका गावात राहत होते. ते सांगायचे, "रेडिओ सगळ्या गावाचा होता. पण बसायची जागा सगळ्यांची नव्हती. आम्ही भिंतीच्या बाहेर उभं राहून ऐकायचो. पाऊस आला की आमच्या बातम्या बंद."

पुढे नानांना खडकीत कारखान्यात नोकरी लागली. वस्तीत वीज आली, तशी त्यांनी हप्त्यावर मर्फीचा रेडिओ घेतला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्या काळी रेडिओला लायसन्स लागे. पोस्टात दरवर्षी पैसे भरून पुस्तकावर नोंद करून घ्यावी लागे. ते पुस्तक आईने अजून ट्रंकेत ठेवले आहे. रेडिओ लागला की नाना घराचे दार सताड उघडे ठेवायचे. "ज्याला यायचं त्यानं आत यावं," एवढेच म्हणायचे. आमच्या अंगणात सगळी वस्ती बसायची. काचेच्या पट्टीमागे पिवळा दिवा लागायचा, आणि दिवा लागला की पोरे गप्प व्हायची. आईला गाण्यांपेक्षा तो दिवा जास्त आठवतो.

नाना गायन पार्टीत पेटी वाजवायचे. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना तोंडपाठ होती. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांचे आकाशवाणीवर भाषण झाले, हे ते नेहमी सांगायचे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी त्यात सांगितले होते. ते भाषण ज्या ज्या घरी ऐकले गेले, ते व्हॉल्व्हच्या रेडिओवरच. खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत जाहीर झाला तो त्याच ऑक्टोबर महिन्यात.

तेव्हा आईचे रुसणे उगीच नव्हते. मी तिला म्हटले, "आधी दुरुस्त होतो का बघू. झाला तर मोडणार नाही." त्यावर ती हो म्हणाली.

त्याच रविवारी आम्ही बापलेक पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. स्टिरिओ करायचा तर दोन रेडिओ लागतात, असे पोराचे म्हणणे. स्टिरिओ म्हणजे डावा आणि उजवा असे आवाजाचे दोन वेगळे रस्ते. दोन रस्त्यांना सामानही दुप्पट. सहाशे रुपयांना एक लाकडी पेटीचा रेडिओ मिळाला. आत पाच व्हॉल्व्ह जागच्या जागी होते. आम्ही खुशीत दोन्ही रेडिओ घेऊन खडकी बाजारातल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्याला जाड भिंग, पण हात अजून स्थिर.

त्यांनी आमचा नवा सौदा उघडला, व्हॉल्व्हवरचे अक्षर वाचले आणि म्हणाले, "पोरा, ह्याला गिटार लावली असतीस तर तुझ्या बापाला तुझा फोटो भिंतीवर लावावा लागला असता."

मग त्यांनी समजावून सांगितले. व्हॉल्व्हच्या नावातले पहिले अक्षर त्याची तार कशावर तापते ते सांगते. 'ई' असेल तर ६.३ व्होल्टवर. 'यू' असेल तर सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एकापुढे एक माळेसारख्या जोडून थेट घरच्या विजेवर. अशा रेडिओत मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. विजेची एक वायर सरळ आतल्या पत्र्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर सगळा पत्रा २३० व्होल्टवर. रेडिओला लाकडी पेटी आणि प्लास्टिकची बटणे असतात, म्हणून हात वाचतो. पण गिटारच्या तारा पत्र्यालाच जोडलेल्या असतात, आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारांवर. आमच्या सहाशेच्या रेडिओत यूएल ८४ होता. म्हणजे त्याची पेटी आणि स्पीकर कामाचा, बाकी नाही.

नानांचा रेडिओ मात्र 'ई'चा निघाला. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८०. दुसरे अक्षर व्हॉल्व्हचे काम सांगते. 'एल' म्हणजे स्पीकर हलवणारा ताकदीचा व्हॉल्व्ह, 'झेड' म्हणजे एसीचे डीसी करणारा, 'सी' म्हणजे आवाज वाढवणारा साधा ट्रायोड. पोरगे वहीत लिहून घेत होते. बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास झालेले हेच पोर, हे मी बघत होतो.

मेकॅनिककाकांनी तासभर रेडिओ तपासला. उंदरांनी स्पीकरचा कागद खाल्लेला, आतल्या कॉइलींची केसासारखी बारीक तार गंजून तुटलेली, स्टेशन लावायचा गँग गंजून बसलेला. मग म्हणाले, "रेडिओ म्हणून हा आता उठणार नाही. पण ह्याचं काळीज शाबूत आहे." दोन्ही ट्रान्सफॉर्मर चांगले होते आणि ईएल ८४ अजून जिवंत होता.

घरी येऊन मी हे आईला जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ रेडिओकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पेटी मोडायची न्हाई. आन् दिवा लागला पायजे."

हे जमण्यासारखे होते. तो दिवाही ६.३ व्होल्टवरच चालतो, व्हॉल्व्हच्या तारांबरोबर. मी तिला शब्द दिला.

दुसऱ्या बाजूसाठी मेकॅनिककाकांनी दुकानातला एक बिनपेटीचा, पण ट्रान्सफॉर्मरवाला सेट तीनशे रुपयांत दिला. राहिले गिटारचा नाजूक आवाज वाढवणारे ईसीसी ८३. ते आणले माझ्या मावशीने. मावशी पुण्यात कचरा वेचते. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, त्यानंतर अशा बायांना ओळखपत्र मिळाले आणि मान मिळाला. मावशीला भंगाराची पारख अशी की वजनकाट्याआधी तिला भाव कळतो. ती म्हणाली, "असली जुनी मशिनं येतात रे. तांब्यासाठी फोडतात. वायर जाळतात, धूर घशात बसतो. हे कुणी वापरतं हे मला ठाऊकच नव्हतं." पंधरा दिवसांनी तिने एका लाउडस्पीकरच्या मोडक्या अ‍ॅम्प्लिफायरचा सांगाडा पिशवीत घालून आणला. किलोच्या भावाने एकशे ऐंशी रुपये. त्यात दोन ईसीसी ८३ आणि सहा चांगले बेस मिळाले.

आता हे व्हॉल्व्ह करते काय, ते थोडक्यात सांगतो. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरची प्लेट त्यांना ओढून घेते. मध्ये बारीक तारेची जाळी असते. पिकाला दारे धरणारा माणूस फावड्याने चिमूटभर माती इकडची तिकडे करतो आणि पाटाचे सगळे पाणी वळते, तसे त्या जाळीवरच्या चिमूटभर विजेने मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. गिटारचा आवाज त्या जाळीवर पडतो आणि पलीकडे मोठा होऊन निघतो. दोन भागांचा व्हॉल्व्ह इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ साली केला आणि मधली जाळी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली घातली. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू व्हॉल्व्ह मागे पडले. आपल्या देशात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात व्हॉल्व्ह बनायचे. नानांच्या रेडिओतल्या ईएल ८४ वर तोच छाप होता. गिटारवाले अजून व्हॉल्व्हला धरून आहेत. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीचा एसी ३० नावाचा प्रसिद्ध गिटार अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यात ईएल ८४ च चार असतात. म्हणजे आमच्या पोटमाळ्यावर धूळ खात पडलेली वस्तू तिकडे स्टेजवर मानाने वापरली जाते.

आम्ही नकाशा असा ठरवला. प्रत्येक बाजूला एक ईसीसी ८३, त्यात आवाज वाढवायचे दोन टप्पे, मध्ये आवाजाचे बटण, पुढे एक ईएल ८४, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. प्रत्येक बाजूला स्वतःचा मेन ट्रान्सफॉर्मर आणि स्वतःचा ईझेड ८०. दोन बैल, दोन जू. एकावर दोघांचा भार नको. डावी बाजू नानांच्या पेटीत, उजवी जुन्या बाजारातल्या पेटीत. दोन्ही स्पीकरना पुण्यात नवीन कागद बसवून आणला.

रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही बसायचो. पोरगे डाग द्यायचे, मी भिंग धरायचो. पहिल्यांदा वीज देताना मी मेकॅनिक लोकांची जुनी रीत पाळली, साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटतो आणि सामान वाचते. आमचा बल्ब एकदा उजळला आणि मंद झाला. व्हॉल्व्ह लाल मणी फुलल्यासारखे उजळले. मग बल्ब काढून पूर्ण वीज दिली.

मिनिटभराने पोरगे ओरडले, "पप्पा, आतला पत्रा लाल झालाय!" ईएल ८४ ची प्लेट निखाऱ्यासारखी तापत होती. मी झटकन बटण बंद केले. कारण दुसऱ्या दिवशी सापडले. आम्ही काटकसर म्हणून जुनाच मेणकागदी कंडेन्सर वापरला होता. तो गळत होता. मागच्या टप्प्यातली उच्च दाबाची वीज त्यातून झिरपून ईएल ८४ च्या जाळीवर येत होती, आणि दारे सताड उघडे पडले होते. त्यातून एक नियम आम्ही शिकलो. लोखंड, काच आणि लाकूड जुने चालते. कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नवेच घ्यावे लागतात.

पण त्या रात्री ते कारण शोधण्याच्या घाईत मी चुकलो. ईएल ८४ गरम असतानाच फडक्याने काढला, आणि मग प्लगही काढला आहे म्हणून निर्धास्त हात आत घातला. फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये अडीचशेच्या वर व्होल्ट साठलेले होते. व्हॉल्व्ह जागेवर असता तर ती वीज त्यातून हळूहळू उतरली असती. व्हॉल्व्ह मीच काढला होता, म्हणजे उतरायला वाटच नव्हती. मी मागे फेकला गेलो. कोपर भिंतीवर आपटले. हात घटकाभर माझा नव्हता. तीस वर्षांचा वायरमन आणि पोराच्या डोळ्यांदेखत हे.

आई धावत आली. माझी अवस्था बघितली आणि पोराला म्हणाली, "आताच्या आता हे बांधून वर ठेव." मला काहीच बोलली नाही. पोरगे रडवेले झाले होते. त्याला वाटले त्याच्यामुळे झाले. मी त्याला म्हटले, "चूक माझी आहे. तुझी नाही." असे वाक्य मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हटले असेन. माझ्या वडिलांनी मला कधी म्हटले नव्हते.

काम महिनाभर बंद राहिले. त्या महिन्यात मी दुसरेच काम केले. आमच्या घरात तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच नव्हती. वस्तीतल्या बहुतेक घरांत हीच गत. लोकांच्या बंगल्यांत मी अर्थिंग करून देतो आणि माझ्या घरात नाही. मी आणि पोराने मागच्या अंगणात खड्डा खणला, जीआय पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर भरले, पाणी सोडले आणि जाड तांब्याची वायर घरात आणली. मीटरशेजारी अर्थ लीकेजचा ब्रेकर माझ्याकडे कामातून उरलेला पडून होता, तो बसवला. शेजारचे दोघे बघायला आले. त्यांच्याही घरी पुढे आम्ही अर्थिंग केले.

मग आईपुढे बसून मी सगळे समजावले. दोन्ही पत्रे अर्थिंगला जोडले आहेत. प्रत्येक फिल्टर कंडेन्सरवर २२० किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा लावला आहे, बंद केल्यावर एका मिनिटात सगळी वीज त्यातून उतरते. तरीही मीटरने मोजल्याशिवाय हात घालायचा नाही आणि घालताना दुसरा हात खिशात. आईला किलोओहम काय कळणार? पण तिने एकच विचारले, "पोराला काय व्हनार न्हाई ना?" मी म्हटले, "नाही." मग ती म्हणाली, "दिवा लागतो का बघा मग."

पुढचे काम सरळ झाले. नवा कंडेन्सर घालून मोजले. प्लेटचा पुरवठा २६५ व्होल्ट. कॅथोडला १८० ओहमचा रेझिस्टन्स, त्यावर ८.६ व्होल्ट. ८.६ भागिले १८०, म्हणजे सुमारे ४८ मिलीअँपिअर. व्हॉल्व्ह सुखात. आता प्लेट लाल होत नव्हती. राहिली ती घरघर. गिटार लावली की भुंगा बसल्यासारखा आवाज. दोन पेट्या दोन ठिकाणी अर्थ केल्या होत्या आणि सिग्नलच्या वायरनेही एकमेकींना जोडल्या होत्या, त्यामुळे अर्थचे वर्तुळ पूर्ण होत होते. सगळे अर्थ एकाच जागी आणून बांधले, व्हॉल्व्हच्या तापतारांच्या वायरी वेणीसारख्या पिळून पत्र्याच्या कोपऱ्यातून नेल्या. भुंगा उडाला.

मग एका संध्याकाळी पोराने गिटार जोडली. नानांच्या रेडिओचा दिवा लागला. तोच पिवळा. आई उंबऱ्यात उभी होती. पहिला सूर आला तो मऊ, गोल, घर भरून टाकणारा. पोराकडे एक छोटा पेडल आहे, तो एकाच सुराची थोडी हलती सावली करून दुसऱ्या बाजूला देतो. डावीकडून गिटार, उजवीकडून तिची सावली. मध्ये बसले की वाटते आवाज भिंतीतून येतो आहे.

मग त्याने आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि सूर फाटू लागला. मी म्हटले, "कमी कर, फाटतोय." तो हसला. म्हणाला, "पप्पा, ह्याच्यासाठीच तर बनवला." व्हॉल्व्हची ताकद संपली की तो आवाज एकदम तोडत नाही, कडा घासत घासत तोडतो, आणि तोच खरखरता गोडवा गिटारवाल्यांना हवा असतो. नानांच्या गायन पार्टीचा लाउडस्पीकरही असाच फाटायचा आणि नाना ऑपरेटरवर ओरडायचे. आम्ही ज्याला बिघाड म्हणत आलो, त्याला पोरगे सूर म्हणत होते. मी बराच वेळ ऐकत बसलो. पूर्ण पटले असे नाही. पण ऐकले.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. एका पौर्णिमेला वाचन झाल्यावर आम्ही दोन्ही पेट्या तिथे नेल्या. डाव्या बाजूला गिटार, उजव्या बाजूला नानांच्या पेटीसमोर माईक. पेटी वाजवली नानांच्या पार्टीतल्या एका जुन्या साथीदाराने. वामनदादांची गाणी म्हटली. पोराने गिटारवर साधी साथ धरली, कुठे मध्ये येणे नाही. प्रत्येक बाजूला फार तर चार-पाच वॅट आवाज. जयंतीच्या मिरवणुकीत हजारो वॅटच्या भिंती असतात, त्यांच्यापुढे हा काहीच नाही. उघड्या मैदानात तर ऐकूही जाणार नाही. पण विहारात शे-दीडशे माणसे बसली होती आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता. म्हातारी माणसे कान न झाकता ऐकत होती. पाऊस सुरू झाला तेव्हा दाराबाहेर उभी असलेली पोरे आत आली. कोणीतरी सरकून जागा दिली. मला नानांची चावडीची भिंत आठवली.

घरी परतताना आईने पेटी स्वतः धरली. वजन तिला झेपत नव्हते, तरी दिली नाही. म्हणाली, "उद्या दिवा पुसून ठेव, धूळ बसलीय काचेवर."

हिशेब विचारणाऱ्यांसाठी सांगतो. जुन्या बाजारातला रेडिओ सहाशे, मेकॅनिककाकांचा सेट तीनशे, मावशीचा सांगाडा एकशे ऐंशी, कंडेन्सर आणि रेझिस्टन्स आठशे वीस, स्पीकरचे कागद सातशे, अर्थिंगचे सामान साडेसहाशे, वायर आणि किरकोळ अडीचशे. एकूण साडेतीन हजार. पोरगे आता मेकॅनिककाकांकडे रविवारी बसते. पुढे काय करील ते त्याचे तो ठरवील. मी फक्त विचारले, "इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणार का?" तो म्हणाला, "बघतो." पूर्वी तो माझ्या प्रश्नाला उत्तरच देत नव्हता.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर असा एखादा रेडिओ असेल. भंगारात देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची गोष्ट विचारा आणि ती पोरांना ऐकू द्या. पोराला तो उघडायचा असेल तर उघडू द्या. मात्र प्लग काढून, व्हॉल्व्हवरचे पहिले अक्षर वाचून आणि जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवून. आणि रेडिओ असो वा नसो, आज संध्याकाळी घरच्या सॉकेटची तिसरी पिन तेवढी तपासून घ्या.